मालकिणीच्या हातात काय द्यायचं?



ऊस डोक्याच्या वर गेला की आपल्याकडं दरवर्षी एक विषय निघतो. बाईमाणसानं शेतात एकटीनं जायचं कसं? यंदा तो जरा वेगळ्या अंगानं आला. राधानगरीकडचे एक पाहुणे मला म्हणाले, "दाजी, मालकिणीसाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणतोय. बायकांच्या हाताला सोसंल असं हलकं कुठलं मिळतंय?" त्यांचं रान डोंगराला लागून. पोरगं पुण्याला नोकरीला. ते स्वतः आठवड्यातले चार दिवस गाडीवर. पाणी पाजायचं काम सगळं वहिनींवर. तेव्हा काळजी खरी आहे, हसण्यावारी न्यायची नाही.

असं विचारणारे ते एकटे नाहीत. गव्यांचे कळप, रात्रीची लाइट, मोटारीची केबल कापून नेणारी टोळकी, दारू पिऊन बांधावर बसणारी पोरं. एक ना दोन. म्हणून सविस्तर लिहितोय. मी वकील नाही, फौजदार नाही. दहावी पास शेतकरी. पण वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक आमच्या घरात पुष्कळ वर्षं होती. हत्यार घरात असणं म्हणजे काय असतं ते जवळून बघितलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रिव्हॉल्व्हर असो नाहीतर काठी, ते जिच्या हातात राहणार तिनंच निवडायचं. नवऱ्यानं आपल्या मनातल्या भीतीला औषध म्हणून वस्तू आणायची आणि तिच्या गळ्यात घालायची, याला संरक्षण म्हणत नाहीत. आणि तिचा हात, तिचं काम आणि देशाचा कायदा ह्या तीन गोष्टी नीट बघितल्या, तर आपल्या रानातल्या बाईसाठी रिव्हॉल्व्हर हे उत्तर निघत नाही. का, ते बघा.

पहिली गोष्ट हाताची.

आठवडी बाजारात बाई खुरपं घेते तेव्हा कधी नीट बघितलंय का? ती पातं नंतर बघते. आधी मूठ धरते, मनगट फिरवते, दोन वेळा हवेत भांगलून बघते. मूठ जाड असली की खाली ठेवते. कारण तिला ठाऊक असतं, दिवसभर धरायचंय. जाड मुठीचं खुरपं संध्याकाळी तळहाताला फोड आणतं. हे शहाणपण तिच्याकडं आहेच. आपण ते फक्त खुरप्यापुरतं मानतो.

बाकी अवजारं बघा. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरला की पंपासकट वीस किलोच्या आसपास जातो. पट्टे गड्याच्या खांद्याच्या मापाचे. गमबूट घ्यायला जावा, सात, आठ, नऊ नंबर लगेच. चार-पाच नंबर मागितला की दुकानदार शाळेच्या बुटांकडं बोट दाखवतो. कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा वजनाला हलका, बायकांच्या हाताला सोसणारा म्हणूनच चालला. भुवनेश्वरला केंद्र सरकारची कृषिरत महिलांसाठी वेगळी संशोधन संस्थाच आहे. मूठ किती जाड असावी, दांडा किती लांब असावा, याचा अभ्यास तिथं होतो. सांगायचं एवढंच की हाताचं माप हा काही किरकोळ विषय नाही.

बंदुकीच्या जगात तर हा विषय फार मोठा आहे, आणि ते आपल्या कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. राही सरनोबत आपलीच. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिनं सोनं घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय बाई. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये रायफलमध्ये जगज्जेती झाली. आणि आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. तेव्हा बाईला बंदूक झेपत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते कोल्हापुरात तरी बोलू नये.

पण ह्या लोकांचं हत्यार कसं असतं ते बघा. २५ मीटरच्या पिस्तुलाची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजाला बसेल अशी घासून, भर घालून तयार करतात. दुसऱ्याची मूठ चालत नाही. पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त नसावं आणि चाप ओढायला किमान एक किलोचा जोर लागावा, असा खेळाचा नियमच आहे. त्यावर रोजचे तास, वर्षानुवर्षं. एवढं करूनही यंत्र ते यंत्रच. २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तीच मनू पॅरिसला दोन पदकं घेऊन आली, तो भाग वेगळा. पण स्पर्धेत दुरुस्तीला वेळ तरी मिळतो. रात्री दोन वाजता उसाच्या सरीत कोण देणार?

आता पाहुण्यांच्या 'हलकं कुठलं' या प्रश्नाकडं येतो.

दिल्लीत २०१२ च्या डिसेंबरात निर्भयाचं प्रकरण झालं. त्यानंतर २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव 'निर्भीक'. पॉइंट ३२ बोअर, सहा गोळ्या, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पर्समध्ये मावेल असं. किंमत तेव्हा १ लाख २२ हजार रुपये. त्या वेळी अनेक महिला संघटनांनी विचारलं, की संरक्षण देणं हे सरकारचं काम, ते सव्वा लाखाला बाईच्याच पर्समध्ये टाकताय होय? मला तो प्रश्न आजही रास्त वाटतो. सव्वा लाखात आपल्याकडं चांगली दुभती म्हैस येते. ती रोज काहीतरी देते तरी.

पण पैशाचं सोडा, हलकेपणाचं बघा. हलकं म्हणजे सोसणारं, असं आपण धरून चालतो. बंदुकीत ते उलटं आहे. गोळी पुढं जाते तेव्हा हत्यार मागं येतं. हत्यार जड असलं तर तो धक्का हत्यारच पिऊन घेतं. हलकं असलं तर सगळा धक्का मनगटात. ज्यांनी ठासणीची बंदूक खांद्याला लावून उडवली आहे त्यांना हे सांगायला नको. त्यात नळी जेवढी आखूड तेवढा नेम अवघड. मूठ छोटी असली की खालची दोन बोटं लोंबकळतात, पकड सुटते.

दुसरं, चाप. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागं न ओढता नुसता चाप दाबून गोळी मारायची तर बोटाला साधारण चार-पाच किलोचा जोर लागतो. एका बोटाला. बोट आखूड असलं तर चापापर्यंत पोचायला पंजा फिरवावा लागतो, आणि पंजा फिरला की नेम फिरला. घोडा आधी ओढून ठेवला तर चाप हलका होतो, पण मग नुसत्या दचकण्यानंही गोळी सुटते. अंधारात, घाबरलेल्या माणसाच्या हातात.

म्हणून ज्यांना खरंच परवाना मिळणार आहे आणि घ्यायचंच आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. दुकानात मालकिणीला पुढं करा, तुम्ही मागं उभे राहा. रिकामं हत्यार तिच्या हातात द्या. तिची मूठ पूर्ण बसते का? पहिलं पेर चापावर सरळ जातं का? दहा वेळा चाप ओढल्यावर हात थरथरतो का? चक्री उघडणं, गोळ्या काढणं तिचं तिला जमतं का? आणि शेवटचं, ते हातात घेऊन तिचा चेहरा काय सांगतो? ती म्हणाली नको, तर विषय तिथंच संपला. 'सवय होईल' हे वाक्य बोलायचं नाही. हेच वाक्य आपण तिच्या वीस किलोच्या पंपाला बोलत आलोय.

दुसरी गोष्ट कामाची.

रिव्हॉल्व्हर ती ठेवणार कुठं? ही साधी गोष्ट कुणी विचारतच नाही. आपली बाई साडीचा काष्टा मारून, वर नवऱ्याचा जुना शर्ट घालून सरीत वाकलेली असते. भांगलताना दोन्ही हात मातीत. पाणी पाजताना गुडघाभर चिखल, हातात फावडं. वैरण कापताना विळा, मग डोक्यावर भारा. कमरेला खोचलं तर वाकताना पोटात घुसणार. शर्टाच्या खिशात ठेवलं तर चिखलात पडणार. मग राहतं कुठं? बांधावरच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी, पन्नास पावलांवर. गरज पडली की पन्नास पावलं ती जाणार, की समोरचा? आणि त्या पिशवीशेजारी नातवंडं खेळत असतात, हेही ध्यानात ठेवा.

आता संकटं कुठली, ती एकेक घ्या.

गवा. मोठा नर आठशे ते हजार किलोच्या घरात जातो. २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा शहरातल्या लोकांनाही तो केवढा असतो ते कळलं. त्याला पॉइंट ३२ ची गोळी म्हणजे चवताळायला निमित्त. चंदगड-आजऱ्याकडं वीसेक वर्षं हत्ती येतोय, त्याच्यापुढं तर बोलायलाच नको. हे सगळे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. जीव वाचवताना खरोखर नाइलाजानं जनावर मेलं-जखमी झालं तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याला गुन्हा धरत नाही. पण पीक खाणाऱ्या गव्यावर गोळी घातली तर तो गुन्हाच. गवा दिसला की थांबायचं, त्याला जायला वाट ठेवायची, हळूहळू मागं सरायचं. आरडाओरडा करून घेरायचं नाही. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गवा शिरला, गर्दीनं त्याला पळवून पळवून दमवलं आणि शेवटी तो मेला. घाबरलेला गवा सैरावैरा पळतो आणि वाटेत कोण आहे ते बघत नाही.

बिबट्या. तो मागून येतो, आणि वाकलेल्या माणसावर येतो. २०२५ च्या अखेरीला शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लोक शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागले. त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले. मला त्यात एक गोष्ट दिसली. त्या लोकांनी बिबट्या हल्ला कसा करतो ते बघून वस्तू निवडली. दिसायला विचित्र असेल, पण विचार बरोबर आहे. संकट कसं येतं ते आधी, वस्तू नंतर.

साप. खरं तर रात्रीच्या पाण्यातलं सगळ्यात मोठं संकट हेच. घोणस, नाग, मण्यार, फुरसं. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात सगळ्यात जास्त आपल्यासारखी खेड्यातली, शेतात राबणारी. सापाला रिव्हॉल्व्हर काय करणार? तिथं चार नंबरचा गमबूट आणि चांगली बॅटरी जीव वाचवते.

राहिला माणूस. केबलचोर असेल तर त्याला पळून जायचं असतं, त्याला पळू द्या. केबल परत घेता येते. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर कायदा आपल्या बाजूनं राहत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३४ ते ४४ कलमं स्वसंरक्षणाची आहेत. बाईच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला रोखताना तो मेला तरी तिला कायद्याचं संरक्षण आहे, ही गोष्ट प्रत्येक बाईला माहीत असली पाहिजे. पण त्यातच ३७ वं कलम सांगतं, गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही.

आणि आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. बाईला धोका नेहमी बाहेरूनच येतो, असं आपण समजतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा अहवाल काढून बघा. बायकांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा 'पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता' याचा. शंभरात जवळजवळ ३१. म्हणजे जिच्यासाठी आपण बंदूक घरात आणायचं म्हणतोय, तिला घरातच धोका असलेली घरं थोडी नाहीत. अशा घरात कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला राहणार? बिल कमी आलं, कर्ज थकलं, दारू पोटात गेली, भावकीचा वाद तापला, त्या रात्री ते हत्यार कुणाच्या हातात जाणार? आमच्या वडिलांना बंदुकीचा परवाना होता, तेव्हा आजी दारू-छर्रे वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात ठेवायची आणि किल्ली कुणालाच सांगायची नाही. वडिलांवर तिचा अविश्वास नव्हता. ती म्हणायची, "राग आला की माणूस माणूस राहत न्हाई, आणि राग सगळ्यांस्नी येतो." वडील गेले, आम्ही बंदूक रीतसर ठाण्यात जमा केली. घरातल्या बायकांनी त्या दिवशी मोकळा श्वास घेतला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तिसरी गोष्ट कायद्याची.

परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. नवऱ्याच्या नावचं रिव्हॉल्व्हर बायकोनं शेतात नेलं, चालत नाही. तिच्या नावावर स्वतंत्र परवाना पाहिजे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. वय २१ पूर्ण, डॉक्टरांचा दाखला, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण, घरात सुरक्षित ठेवायची सोय, पोलिसांचा अहवाल. आपल्या जिल्ह्यात आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून. आणि जिवाला धोका आहे हे पटवावं लागतं. 'रात्री पाणी पाजायला जावं लागतं' एवढ्यावर परवाना मिळणं अवघड. मिळालाच, तर निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येते. आपल्याकडं ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुका कधी संपतात का?

काही जण म्हणतात, एवढी झंझट कोण करतो, बाहेरून एखादा कट्टा मिळतोय. त्यांना हात जोडून सांगतो, असं डोक्यातसुद्धा आणू नका. बिगरपरवाना हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं तुरुंग. ते हत्यार बाईच्या पिशवीत सापडलं तर जेलमध्ये कोण जाणार? तिच्या संरक्षणासाठी तिलाच आरोपी करायचं होय? शिवाय तो कट्टा हातातच फुटायची भीती वेगळीच.

मग करायचं काय?

आमच्या घरात आम्ही काय केलं ते सांगतो. मालकिणीला विचारलं, "रानात तुला भीती कशाची वाटते?" मला वाटलं होतं गवा म्हणेल. ती म्हणाली, "मागनं कोण आलं ते कळत न्हाई, ह्याची. आणि पायाखाली काय हाय ते दिसत न्हाई, ह्याची." दोन वाक्यांत सगळा हिशेब झाला. जे पाहिजे ते दिसण्याचं आणि ऐकू येण्याचं, मारण्याचं नव्हे.

बाजारात दोघं गेलो. निवड तिची. डोक्याला बांधायची बॅटरी घेतली, कारण हात मोकळे राहतात. पट्टा तिच्या अंबाड्यावर बसतो का ते बांधून बघितलं. दुसरी हातातली लांब झोताची, तिच्या मुठीत मावणारी. गमबूट पाच नंबरचा, तीन दुकानं हिंडून मिळाला. गळ्यात शिट्टी, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांकडं असते तसली. मोबाइलला रेंज नसली तरी शिट्टीला रेंज असते. आमच्या शिवारात आता ठरलंय, तीन शिट्ट्या ऐकल्या की जो जवळ असेल त्यानं हातातलं काम टाकून जायचं.

आणि काठी. भरीव मेसकाठी, तिच्या कानाच्या उंचीची. जाडी एवढी की मूठ मिटल्यावर अंगठा पहिल्या बोटावर टेकला पाहिजे. वाळलेली, गाठी घासलेली. माझी काठी तिला जड पडते, म्हणून तिची वेगळी. काठीनं वाट चाचपता येते, गवत हलवता येतं, कुत्रं हाकलता येतं आणि वेळ आली तर माणसाला दोन हात लांब ठेवता येतं. परवाना लागत नाही. हातातून निसटली तरी स्वतःहून उडत नाही. मर्दानी खेळाचे आखाडे कोल्हापुरात अजून आहेत, पोरीही काठी फिरवायला शिकतात. आपल्या लेकी-सुनांना चार दिवस पाठवायला काय हरकत आहे? कावळा नाक्यावर ताराराणीच्या पुतळ्याखालून आपण रोज जातो, नुसता नमस्कार करून भागणार आहे का?

विळा-खुरपं हे तर हातात असतंच. शेतीचं अवजार म्हणून ते शस्त्र कायद्यात येत नाही. मिरचीचा स्प्रेही विनापरवाना मिळतो. पण तो दोन-तीन मीटरच जातो आणि वारा उलटा असला तर आपल्याच डोळ्यात. संकेश्वरी मिरची कुटणाऱ्या बाईला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. घेतलात तर एक डबी मोकळ्या रानात उडवून सराव करा, वारं बघून. फोनमध्ये ११२ आणि वन खात्याचा १९२६ हे नंबर तिच्या हातानं लावून बघायला सांगा.

मंडळी, हे सगळं झालं तरी अर्धंच काम झालं. बाईला रात्री रानात जावं का लागतं, हा मूळ प्रश्न राहतोच. थ्री फेज लाइट रात्री येते म्हणून. २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरलं, ते दिवसा दहा तास विजेसाठीच. पक्ष कुठलाही असो, ती मागणी माझ्या मते बायकांच्या संरक्षणाची मागणी होती, पण तशी ती कुणी मांडली नाही. आपण पाणी, पीक, बिल एवढंच बोललो. दिवसा वीज हे प्रत्येक घरच्या मालकिणीला रिव्हॉल्व्हरपेक्षा मोठं संरक्षण आहे. ग्रामसभेत हे ह्याच शब्दांत बोललं पाहिजे, आणि ते बोलायला बायकांनी उठलं पाहिजे.

आणखी एक. आपल्या फडात बीडकडची टोळी उतरते. त्यातल्या बाया पहाटे अंधारात तोडीला लागतात, पालात राहतात, आडोशाला अंधारात जातात. त्यांच्यासाठी कुणी रिव्हॉल्व्हरचा विचार करत नाही. एक बल्ब खोपटांपाशी आणि एक आडोसा, एवढं तर शेतमालक म्हणून आपल्याला करता येतं. आपल्या मालकिणीची काळजी आणि त्यांची काळजी वेगळी नाही.

कुणी म्हणेल, दाजी, सगळ्यांना एकच माप लावू नका. मान्य. एखाद्या बाईला खरोखर जिवाची धमकी आहे, तिनं पोलिसात तक्रार दिली आहे, तिला स्वतःला हत्यार पाहिजे, शिकायची तयारी आहे. तिनं जरूर अर्ज करावा. तो तिचा हक्क आहे, आणि तिला 'बाईचं काम न्हाई हे' म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. माझं म्हणणं त्या नवऱ्यांना आहे, जे बायकोला न विचारता 'हलकं कुठलं' म्हणून दुकानाचा पत्ता मागतात.

पाहुण्यांना मी हेच सांगितलं. म्हटलं, आधी घरी जावा, वहिनींना विचारा की त्यांना भीती कशाची आहे. उत्तर मिळेपर्यंत काहीच घेऊ नका.

तुम्हीही विचारा. आणि वहिनी काय म्हणाल्या ते खाली लिहा. शक्य असेल तर त्यांनाच लिहू द्या. कृषी सहायक, विद्यापीठातले साहेब लोक हे पान वाचतात, त्यांनाही विनंती आहे. पुढच्या शिवारफेरीत बियाणं-खतासोबत एकदा बायकांच्या मापाचे बूट, पंप, बॅटऱ्या आणि काठ्या मांडा, आणि तिथं पुरुषांना मागच्या रांगेत बसवा.

जय जवान, जय किसान.